सही नसलेल्या जुन्या तैलचित्राचे मूल्यांकन कसे करावे? (सातारा, अंदाजे १९५० चे दशक)

वेण्णाकाठ (धागाकर्ता)

नमस्कार. आमच्या सातारच्या घरातील एका तैलचित्राविषयी जाणकारांचे मत हवे आहे. चित्र कॅनव्हासवर असून साधारण बावीस इंच उंच आणि अठ्ठावीस इंच रुंद आहे. विषय संगम माहुलीचा घाट आहे: डावीकडे देवळाचे शिखर, मधोमध उतरत जाणाऱ्या पायऱ्या, समोर उन्हाळ्यात आटलेले पात्र आणि मागे जरंडेश्वराचा डोंगर. सही कोठेही नाही, वर्षही नाही.

चित्र हुबेहूब पद्धतीचे नाही, आणि म्हणूनच आम्हाला ते लहानपणी अपुरे वाटत असे. पायऱ्यांचा दगड नारिंगी आणि गेरूच्या आडव्या, एकमेकांना समांतर अशा फटकाऱ्यांनी उभा केला आहे. त्यांच्या सावल्या काळ्या किंवा तपकिरी नसून जांभळ्या-निळ्या आहेत. डोंगर तर रंगाच्या सपाट तुकड्यांनी बांधून काढला आहे, आणि दोन फटकाऱ्यांच्या मध्ये काही ठिकाणी कॅनव्हासचे पांढरट अस्तर (रंगाखालचा लेप) तसेच उघडे राहू दिले आहे. कलाविषयक पुस्तके चाळल्यावर याला उत्तर-दृक्प्रत्ययवादी (पोस्ट-इम्प्रेशनिस्ट) वळण म्हणता येईल, असे वाटले.

आजोबा साताऱ्यात वकिली करीत. चित्र त्यांच्या काळात घरात आले, एवढेच वडील सांगत. आता आम्हा तीन भावंडांमध्ये वाटणी व्हायची आहे. एका विक्रेत्याने मोबाइलवरील फोटो पाहून चित्रकार माधव सातवळेकरांचे नाव घेतले, सही असती तर किंमत फार वेगळी झाली असती असे सांगितले, आणि साफसफाईसाठी चित्र आपल्याकडे सोपवण्याची सूचना केली. ते देण्यापूर्वी, अशा चित्राची किंमत नेमकी कोणत्या आधारावर ठरते, हे समजून घ्यावे असे वाटते.

जुनी चौकट

सर्वप्रथम, चित्र कोणाकडेही सोपवू नका.

दर्शनी बाजूचे वर्णन तुम्ही नेमके केले आहे. परंतु मूल्यांकनाचे निम्मे काम मागच्या बाजूला होते आणि तिच्याविषयी धाग्यात एक शब्दही नाही. चित्र भिंतीवरून उतरवून दुसऱ्या भिंतीला टेकवून उभे ठेवा. रंगाचे पोपडे सुटत असतील तर ते टेबलावर पालथे घालू नका. मग पुढील गोष्टी सावकाश पाहा आणि प्रत्येकीचा फोटो घ्या.

कॅनव्हास ज्या लाकडी चौकटीवर ताणला आहे, तिच्या कोपऱ्यांच्या आतल्या बाजूला लाकडी पाचरी आहेत का? पाचरी ठोकून कापड ताणण्याची सोय असलेली चौकट रंगसाहित्याच्या दुकानातून आलेली असते किंवा जाणत्या सुताराने केलेली असते. कोपरे खिळ्यांनी कायमचे जोडलेले असतील तर तो बहुधा घरगुती खटाटोप असतो. कापड चुका ठोकून बसवले आहे की पिना मारून? पिनांची पद्धत आपल्याकडे पुष्कळ उशिरा रुळली. कापड तागाचे आहे की सुती? दुसऱ्या महायुद्धाच्या काळात विलायती कॅनव्हास मिळणे कठीण झाले, आणि त्या सुमारास व त्यानंतरही काही वर्षे, जाड मांजरपाटावर सरस आणि सफेद्याचे हात देऊन घरीच तयार केलेला कॅनव्हास माझ्या कामात वारंवार आढळतो.

कापडाच्या पाठीवर विन्सर अँड न्यूटन, रीव्ह्ज, रौनी अशा विलायती कंपन्यांपैकी एखादीचा शिक्का असेल तर त्यातील राजघराण्याच्या उल्लेखाकडे लक्ष द्या. सहावे जॉर्ज फेब्रुवारी १९५२ मध्ये वारले. शिक्क्यात राजाऐवजी राणीचा उल्लेख असेल तर कापड त्यानंतरचे आहे.

आणि फ्रेमवाल्याची चिठ्ठी. तिच्याइतका बोलका पुरावा दुसरा नाही, आणि लोक तोच फाडून टाकतात. पत्त्यात पिनकोड असेल तर चिठ्ठी १५ ऑगस्ट १९७२ नंतरची, कारण पिनकोड त्या दिवशी सुरू झाला; त्याआधी मोठ्या शहरांच्या नावापुढे ‘पुणे २’ असा विभागाचा आकडा असे. किंमत रुपये-आण्यांत लिहिलेली असेल तर ती बहुधा एप्रिल १९५७ पूर्वीची, कारण तेव्हापासून नवे पैसे आले. आपल्या भागापुरती आणखी एक खूण आहे. जुन्या सातारा जिल्ह्याचे १९४९ मध्ये उत्तर सातारा आणि दक्षिण सातारा असे दोन भाग झाले, आणि १९६० मध्ये दक्षिण साताऱ्याचे नाव सांगली जिल्हा झाले. ज्या कागदावर ‘दक्षिण सातारा’ छापले आहे, तो या अकरा वर्षांच्या आसपासचाच असला पाहिजे.

वेण्णाकाठ

आपल्या सूचनेप्रमाणे मागची बाजू पाहिली. फ्रेमच्या पाठीवर जाड तपकिरी पुठ्ठा आहे आणि त्याच्या डाव्या कोपऱ्यात अर्धी फाटलेली चिठ्ठी. दुकानाचे नाव गेले आहे. उरलेल्या भागावर ‘फ्रेम मेकर्स, सांगली, जि. द. सातारा’ एवढे छापील वाचता येते आणि त्याखाली निळ्या शाईने ‘१२–८–०’ असे लिहिले आहे. पुठ्ठा एका बाजूने सैल होता, म्हणून तो न काढता आत पाहिले. पाचरी आहेत, त्यांपैकी तीन गळून तळाशी पडल्या आहेत. कापड सुती दिसते, चुका गंजलेल्या आहेत, शिक्का दिसत नाही.

मिरजवासी

छान सापडले. ‘द. सातारा’ आणि आणे ही दोन्ही एकत्र धरली तर चिठ्ठी १९४९ ते १९५७ या काळातली ठरते. आठ आणे हा आकडा अगदी काटेकोर मर्यादा नव्हे, कारण जुनी सवय एका दिवसात जात नाही आणि छापून ठेवलेल्या चिठ्ठ्याही संपेपर्यंत वापरल्या जातात. तरीही एवढा नेमका काळ हाती लागणे फार मोलाचे आहे.

मात्र ही तारीख फ्रेमची आहे, चित्राची नाही. जुन्या चित्राला नवी फ्रेम बसते आणि क्वचित नव्या चित्राला जुनी फ्रेमही बसवली जाते. दोन्ही एकाच वेळच्या आहेत का, हे पाहण्याचा मार्ग असा: फ्रेमच्या खाचेखाली झाकलेली चित्राची कड तपासा. तेथे प्रकाश व धूळ पोहोचलेली नसल्यामुळे रंग अधिक ताजा असतो, आणि उघडा भाग व झाकलेला भाग यांच्यामध्ये एक रेषा उमटलेली असते. ती एकच असेल आणि याच फ्रेमच्या खाचेशी तंतोतंत जुळत असेल, तर चित्राने दुसरी फ्रेम पाहिलेली नाही असे मानायला हरकत नाही. दोन रेषा असतील, किंवा चौकटीच्या कडेला रिकाम्या चुकांची छिद्रे असतील, तर चित्र आधीचे असण्याची शक्यता वाढते.

साताऱ्यातील घरात सांगलीची फ्रेम का, हाही प्रश्न मनात ठेवा. कदाचित चित्रकाराचे वास्तव्य सांगली-मिरजेकडचे असेल.

मूळपीठ

शैलीविषयी थोडे सविस्तर लिहितो, कारण विक्रेत्याने घेतलेले नाव शैलीवरूनच आलेले आहे.

सेझान, गोगँ, व्हॅन गॉग, सरा हे चित्रकार १८८० नंतरच्या दोन दशकांत जे करीत होते, त्याला ‘उत्तर-दृक्प्रत्ययवाद’ हे नाव इंग्लंडमध्ये रॉजर फ्राय यांनी १९१० मध्ये लंडनला भरवलेल्या प्रदर्शनामुळे मिळाले. तेव्हा यांपैकी एकही चित्रकार हयात नव्हता. तुमच्या वर्णनातील समांतर फटकारे, सपाट तुकड्यांनी बांधलेला डोंगर आणि उघडे राहू दिलेले अस्तर या तिन्ही गोष्टी सेझानच्या वळणाच्या आहेत. नारिंगीच्या शेजारी निळसर जांभळे ठेवून दोन्ही रंग अधिक तेजस्वी करणे हे त्या सगळ्याच पिढीचे वैशिष्ट्य.

आपल्याकडे हे वळण उशिरा आले. दक्षिण महाराष्ट्रात आबालाल रहिमान आणि बाबूराव पेंटर यांच्यापासून चालत आलेली कोल्हापूरची परंपरा वास्तवदर्शी होती, आणि औंधचे राजे बाळासाहेब पंतप्रतिनिधी, जे स्वतः चित्रे काढीत, त्यांनी औंधला उभारलेल्या भवानी संग्रहालयातही रविवर्मा आणि धुरंधर यांच्या चित्रांचे स्थान मोठे आहे. मुंबईच्या जे. जे. स्कूल ऑफ आर्टमध्ये ग्लॅडस्टन सॉलोमन यांच्या नंतर, १९३० च्या दशकाच्या उत्तरार्धात, चार्ल्स जेरार्ड संचालक झाले आणि युरोपातील आधुनिक चित्रकलेची ओळख विद्यार्थ्यांना वर्गातच होऊ लागली. त्याच सुमारास वॉल्टर लँगहॅमर हे ऑस्ट्रियन चित्रकार मुंबईत आले. ‘टाइम्स ऑफ इंडिया’त काम करीत त्यांनी रझा, आरा यांच्यासारख्या तरुणांना रंगाकडे वेगळ्या नजरेने पाहायला शिकवले. अमृता शेरगिल पॅरिसहून गोगँचा संस्कार घेऊन १९३४ मध्ये परतल्या होत्या. १९४७ मध्ये आधुनिक वळणाच्या तरुण चित्रकारांचा प्रोग्रेसिव्ह आर्टिस्ट्स ग्रुप स्थापन झाला आणि १९५० मध्ये रझा फ्रान्सला गेले. म्हणजे १९५० च्या आसपास माहुलीचा घाट सेझानच्या पद्धतीने रंगवणारा माणूस मुंबईत शिकलेला असणे अगदी संभवनीय आहे, आणि तसे शिकलेले लोक शेकड्यांनी होते. त्यांतील थोडे नावारूपाला आले. बाकीचे चित्रकला-शिक्षक म्हणून जिल्ह्याजिल्ह्यांत पांगले, मुलांना एलिमेंटरी आणि इंटरमीजिएटच्या परीक्षांना बसवत राहिले आणि सुट्टीत स्वतःसाठी चित्रे काढीत राहिले. त्यांच्या चित्रांवर पुष्कळदा सही नसते, कारण ती विकण्यासाठी काढलेली नसत.

आता माधव सातवळेकरांविषयी. ते पंडित श्रीपाद दामोदर सातवळेकरांचे चिरंजीव. पंडितजी स्वतः चित्रकार होते आणि औंधला त्यांचे दीर्घ वास्तव्य होते, माधवराव जे. जे. मध्ये शिकून पुढे युरोपात गेले आणि त्यांच्या ग्रामीण विषयांच्या चित्रांत तेजस्वी, सपाट रंगांची मांडणी आढळते. सातारा जिल्ह्यातील चित्र, तेजस्वी रंग, आधुनिक वळण, एवढ्यावरून त्यांचे नाव सुचणे स्वाभाविक आहे. परंतु एवढ्यावरून ते ठरत नाही. शैली फक्त खालची मर्यादा सांगते: हे चित्र अमुक वर्षापूर्वीचे असणे कठीण, एवढेच. वरची मर्यादा ती सांगत नाही, कारण सेझानच्या पद्धतीने आजही कोणीही चित्र काढू शकतो. आणि हात कोणाचा, हे तर ती एकटीने कधीच सांगत नाही. त्यासाठी त्या चित्रकाराची निःसंशय अशी, त्याच काळातील चित्रे शेजारी ठेवून फटकाऱ्याची सुरुवात व शेवट, झाडाची पाने सुचवण्याची लकब, आकाश आणि क्षितिज यांची सांधजोड असे बारकावे ताडून पाहावे लागतात.

मला स्वतःला या प्रकारच्या निनावी चित्रांबद्दल फार आस्था आहे. मोठे नाव चिकटवण्याच्या घाईत खऱ्या चित्रकाराचे नाव कायमचे पुसले जाते, आणि हे नुकसान पैशाच्या नुकसानापेक्षा मोठे आहे, असे माझे स्पष्ट मत आहे.

रंगलेप

रासायनिक बाजू थोडक्यात मांडतो.

पांढऱ्या रंगावरून बरेच समजते. तैलचित्रांत पूर्वी शिशाचा सफेदा आणि जस्ताचा सफेदा वापरात होते. टायटॅनियम व्हाइट पहिल्या महायुद्धानंतर बाजारात आले आणि हळूहळू सर्वत्र पसरले. निळ्या आणि हिरव्यामध्ये थॅलोसायनिन कुळातील रंगांवर लक्ष ठेवावे; थॅलो निळा १९३५ मध्ये विक्रीला आला आणि हिरवा त्यानंतर थोड्याच वर्षांत. रंग ॲक्रिलिक निघाला तर १९५७ पूर्वीच्या सातारा-सांगलीतील चित्राचा दावा जवळजवळ संपलाच, कारण चित्रकारांसाठीचे पाण्यात मिसळणारे ॲक्रिलिक रंग अमेरिकेतच १९५० च्या दशकाच्या मध्यावर आले. या सगळ्याचा उपयोग शैलीसारखाच, म्हणजे आधीच्या काळाचा दावा खोडून काढण्यापुरता होतो. १९५४ चे चित्र आणि १९७० चे चित्र या तपासणीत अगदी सारखेही दिसू शकतात.

घरी करण्याजोगी एक तपासणी आहे. नोटा तपासण्यासाठी दुकानदार वापरतात तो अतिनील दिवा पूर्ण अंधार करून चित्रावर धरा. डोळे सांभाळा आणि फार वेळ धरू नका. जुने, झाडाच्या राळेचे वॉर्निश हिरवट झगमगते. त्यावर नंतर कोणी रंग लावला असेल तर तो भाग काळपट डागासारखा उठून दिसतो. जस्ताचा सफेदा पिवळसर हिरवा चमकतो. कापड किंवा चिठ्ठीचा कागद निळसर पांढरा पेटल्यासारखा दिसला तर त्यात कृत्रिम उजळक आहे आणि तो बहुधा १९५० नंतरचा आहे.

जस्ताच्या सफेद्याविषयी एक इशारा देतो. तो तेलात वाळल्यावर वर्षानुवर्षे ठिसूळ होत जातो आणि वरचे थर खपलीसारखे सुटू लागतात. अस्तर घरगुती आणि जस्ताचे असेल तर चित्राला वाकवणे, ठोकणे, पाचरी पुन्हा मारून कापड ताणणे यांतले काहीही स्वतः करू नका. गळलेल्या तीन पाचरी एका पाकिटात घालून त्यावर त्या कोठून पडल्या ते लिहून ठेवा.

आयर्विन पूल

सांगलीहून लिहीत आहे. साफसफाईबद्दल कळकळीने सांगते. कच्चा बटाटा किंवा कांदा चोळून तैलचित्र उजळते, असे आपल्याकडे घरोघरी सांगतात. चोळल्यावर थोडा वेळ चित्र उजळ दिसते, कारण पृष्ठभाग ओला झालेला असतो; पण फटींत शिरलेला ओलावा अस्तर फुगवतो आणि मागे राहिलेल्या पिष्टमय अंशावर बुरशी धरते. तुमच्या चित्रात तर अस्तर जागोजागी उघडेच आहे, म्हणजे ओलावा थेट आत जाणार.

२०१९ च्या ऑगस्टमधील महापुरात आमच्या गल्लीतील घरांत पाणी शिरले, तेव्हा भिजलेली चित्रे लोकांनी घाईने उन्हात ठेवली. कापड आकसले, रंग आकसला नाही, आणि रंगाचा थर पापडासारखा उचलला गेला. आमच्याकडचे एक चित्र आम्ही सावलीत, आडवे, रंगाची बाजू वर ठेवून पंख्याच्या हलक्या वाऱ्यावर वाळू दिले आणि ते पुष्कळ अंशी टिकले. मुंबईच्या छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालयाचे स्वतःचे कला-संवर्धन केंद्र आहे; साफ करायचेच झाले तर आधी अशा ठिकाणी विचारावे. विक्रेत्याने साफ करून दिलेल्या चित्राचे मूळ वॉर्निश, मूळ मळ आणि मूळ दोष असे सगळेच पुरावे गेलेले असतात.

वेण्णाकाठ

सर्वांचे मनापासून आभार. दोन गोष्टी कळवायच्या आहेत.

खाचेखालची कड पाहिली. वरच्या आणि डाव्या बाजूला, जेथे पुठ्ठा सैल आहे तेथून जेवढे दिसते तेवढ्यात, एकच रेषा आहे आणि ती फ्रेमशी जुळते. झाकलेल्या कडेतील जांभळा रंग इतका ताजा आहे की उघड्या भागातील जांभळा त्याच्यापुढे राखाडी वाटतो. रिकामी छिद्रे दिसली नाहीत.

दुसरी गोष्ट अधिक महत्त्वाची वाटते. मिरजवासी यांनी ठरवलेला काळ हाती आल्यामुळे आजोबांच्या रोजकीर्दी (रोजच्या जमाखर्चाच्या वह्या) त्या वर्षांपुरत्या काढून पाहिल्या. १९५४ च्या मे महिन्यात एका पानावर ‘चित्र माहुली, ड्रॉ. मास्तर यांस रु. ७५’ अशी नोंद आहे, आणि जूनमध्ये ‘फ्रेम सांगली १२॥’. मास्तरांचे नाव नाही, शाळेचेही नाही.

मिरजवासी

१२॥ म्हणजे साडेबारा रुपये, आणि चिठ्ठीवरचे १२–८–० म्हणजे बारा रुपये आठ आणे. दोन्ही एकच. कागद आणि वस्तू एकमेकांना इतक्या नेमकेपणाने दुजोरा देतात असे क्वचित घडते. तुमच्या घरातील चित्र हे रोजकीर्दीतील चित्रच आहे, ते मे १९५४ पूर्वी पूर्ण झालेले होते आणि ते एका चित्रकला-शिक्षकाकडून विकत घेतलेले होते, एवढे आता पुराव्यानिशी म्हणता येईल. शिक्षकाने ते स्वतः काढले होते की कोणाकडून आणून दिले होते, हे मात्र नोंदीवरून ठरत नाही. ‘यांस’ म्हणजे पैसे त्यांना दिले, एवढेच.

पुढचा शोध शाळांच्या कागदपत्रांत घ्यावा. आजोबा ज्या शाळेच्या कामाशी संबंधित होते किंवा वडील ज्या शाळेत होते, तेथील १९५४ च्या आसपासचे शिक्षकांचे हजेरीपट, वार्षिक अंक, स्नेहसंमेलनाची छायाचित्रे पाहावीत. शिवाय बॉम्बे आर्ट सोसायटी १८८८ पासून आणि आर्ट सोसायटी ऑफ इंडिया १९१८ पासून कार्यरत आहे. त्यांच्या वार्षिक प्रदर्शनांच्या छापील सूचींमध्ये १९४८ ते १९५४ या काळात माहुलीवरील चित्र कोणी मांडले होते का, हे तपासण्याजोगे आहे.

मूळपीठ

रोजकीर्दीच्या त्या दोन्ही पानांचे, वहीच्या मुखपृष्ठासह, फोटो काढून ठेवावेत ही विनंती. वही चित्राबरोबरच राहावी. वाटणीत चित्र एकाकडे आणि वह्या दुसऱ्याकडे गेल्या तर दोहोंचे मोल उतरेल.

सातवळेकरांचा प्रश्न आता माझ्या दृष्टीने संपला. १९५४ मध्ये ते सातारा-सांगलीतील ड्रॉइंग मास्तर नव्हते.

जुनी चौकट

आता किमतीकडे येऊ, कारण मूळ प्रश्न तोच होता.

किंमत एकच नसते. विम्यासाठीची किंमत म्हणजे तशीच वस्तू पुन्हा मिळवायला किती खर्च येईल ती. बाजारभाव म्हणजे घाई नसलेला विकणारा आणि घाई नसलेला घेणारा यांच्यात जुळेल तो. आणि वाटणीसाठी शक्यतो हा दुसरा आकडा धरावा. लिलावाच्या बातम्यांत छापलेला आकडा विकणाऱ्याच्या हाती पडत नाही, कारण त्यात पुष्कळदा खरेदीदाराकडून घेतलेले शुल्क मिळवलेले असते आणि विकणाऱ्याचे शुल्क वजा व्हायचे असते. तुलनेसाठी निवडलेली चित्रेही खरोखर तुलनीय हवीत: त्याच काळातील, तेवढ्याच आकाराची, निनावी किंवा स्थानिक चित्रकाराची आणि तशाच स्थितीतील. सातवळेकर किंवा ना. श्री. बेंद्रे यांच्यासारख्या नामवंत चित्रकारांच्या विक्रीचे आकडे येथे लागू होत नाहीत.

मूल्यांकनकाराच्या अहवालातील शब्द नीट वाचा. ‘अमुक यांचे’, ‘अमुक यांचे मानले गेलेले’, ‘अमुक यांच्या प्रभावळीतील’ आणि ‘अमुक यांच्या शैलीतील’ या चार पायऱ्या आहेत आणि प्रत्येक पायरीला किंमत झपाट्याने खाली येते. शेवटची पायरी त्या चित्रकाराशी प्रत्यक्ष संबंधाचा कोणताही दावा करीत नाही. शुल्क किमतीच्या टक्केवारीत मागणारा, किंवा मूल्यांकन करून स्वतःच खरेदी करू पाहणारा माणूस टाळावा.

‘सही असती तर’ या वाक्याने मला काळजी वाटते. नंतर घातलेली सही भिंगाखाली ओळखू येते: चित्राला पडलेल्या बारीक तड्यांमध्ये सहीचा रंग उतरलेला असतो, तर मूळ सही असेल तर तडा सहीच्या रंगालाही चिरत जातो. तरीही अशा सह्या घातल्या जातात. आज कोपऱ्यांचे जवळून, तारखेसह फोटो काढून ठेवा, म्हणजे आज तेथे सही नव्हती हे नंतर दाखवता येईल.

कर आणि कायदा याबाबत दोनच गोष्टी. घरगुती वापराच्या वस्तू विकल्यावर भांडवली नफ्याच्या करातून मिळणारी सूट चित्रांना नाही. वारशाने आलेल्या चित्राची मूळ किंमत म्हणून आधीच्या मालकाची खरेदी किंमत धरतात, आणि खरेदी १ एप्रिल २००१ पूर्वीची असेल तर त्या दिवशीचा बाजारभाव धरण्याचा पर्याय असतो. पंचाहत्तर रुपयांऐवजी तो पर्याय निश्चितच सोयीचा ठरेल. म्हणून मूल्यांकनकाराकडून आजच्या बरोबर त्या तारखेचाही आकडा लिहून घ्यावा आणि सनदी लेखापालाला दाखवावा. १९७२ च्या पुरावस्तू व कलानिधी कायद्यातील शंभर वर्षांची मर्यादा तुमच्या चित्राने ओलांडलेली नाही, आणि रविवर्मा, अमृता शेरगिल, जामिनी रॉय अशा ज्या थोड्या चित्रकारांच्या कृतींना कलानिधी म्हणून देशाबाहेर जाण्यास बंदी आहे, त्यांच्याशीही त्याचा संबंध नाही. त्यामुळे नोंदणीचा प्रश्न येत नाही.

माझा अंदाज विचाराल तर आज या चित्राला मोठ्या लिलावात स्थान मिळणार नाही. परंतु खरेदीची नोंद, फ्रेमची चिठ्ठी, ओळखता येणारे स्थळ आणि एकाच घरात सत्तरहून अधिक वर्षे राहिलेली मालकी, इतके सगळे असलेले निनावी चित्र मी फार थोड्या वेळा पाहिले आहे. चित्रकाराचे नाव सापडले आणि त्याची आणखी चार-पाच चित्रे उजेडात आली, तर हा आकडा बदलेल. म्हणून वाटणीच्या कागदात ‘पुढे चित्रकार निश्चित झाल्यास फेरमूल्यांकन’ असे एक कलम घालावे, म्हणजे भावंडांमध्ये नंतर कटुता येणार नाही.

वेण्णाकाठ

भावंडांशी बोललो. चित्र आणि वह्या धाकट्या बहिणीकडे एकत्र राहतील आणि वाटणीसाठी दोन स्वतंत्र मूल्यांकनकारांचे आकडे घेऊन त्यांची सरासरी धरू. फेरमूल्यांकनाचे कलमही सर्वांनी मान्य केले आहे. त्या दोघांना पाठवण्यासाठी पुढील वर्णन तयार केले आहे, कृपया तपासावे.

‘चित्रकार अज्ञात. संगम माहुलीचा घाट. सुती कॅनव्हासवर तैलरंग, सुमारे २२ × २८ इंच. सही व वर्ष नाही. मे १९५४ पूर्वी. उत्तर-दृक्प्रत्ययवादी वळण, विशेषतः सेझानचा प्रभाव. मे १९५४ मध्ये एका चित्रकला-शिक्षकाकडून रु. ७५ ला खरेदी, तेव्हापासून त्याच कुटुंबाकडे. खरेदी व फ्रेमची नोंद असलेली रोजकीर्द उपलब्ध. फ्रेम मूळची. साफसफाई किंवा दुरुस्ती झालेली नाही.’

रंगलेप

‘साफसफाई किंवा दुरुस्ती झालेली नाही’ याऐवजी ‘झाल्याची माहिती नाही’ असे लिहा. अतिनील दिव्याखाली पाहिल्याशिवाय पहिले विधान करता येत नाही.

जुनी चौकट

‘फ्रेम मूळची’ ऐवजी ‘फ्रेम जून १९५४ ची, सांगली येथील, चिठ्ठीसह’ असे लिहा, म्हणजे दावा पुराव्याएवढाच राहील. पोपडे कोठे सुटले असतील तर तेही लिहा. दोष लपवलेल्या वर्णनावर कोणी विश्वास ठेवत नाही. बाकी वर्णन उत्तम आहे.

फोटो काढताना एक समोरून सपाट उजेडात, एक बाजूने तिरका उजेड टाकून, आणि मागच्या बाजूचे वेगळे काढा. तिरक्या उजेडात फटकाऱ्यांची जाडी आणि उचललेले थर दोन्ही स्पष्ट दिसतात. फ्लॅश वापरू नका, आणि प्रत्येक फोटोत कडेला मोजपट्टी ठेवा.

मिरजवासी

सांगलीतील फ्रेमवाल्यांच्या जुन्या पेढ्यांपैकी कोणाकडे १९५४ ची बिलबुके आहेत का, याची मी या आठवड्यात चौकशी करतो. चिठ्ठीचा जवळून काढलेला फोटो येथे टाकलात तर छपाईच्या अक्षरवळणावरून जुन्या दुकानदारांना काही आठवण्याची शक्यता आहे.